सरकारचा वाचक

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७८ साली रत्नागिरीला आले ते हौसेने नव्हे, बदलीच्या हुकमाने. त्याआधी पाच-सहा वर्षे ते पुण्याच्या सरकारी हायस्कुलात शिकवत होते आणि १८७४ च्या जानेवारीपासून ‘निबंधमाला’ काढत होते. मालेच्या तडाख्यातून मिशनरी सुटले नाहीत, लोकहितवादी सुटले नाहीत, जोतीराव फुले आणि दयानंद सरस्वतीही सुटले नाहीत. ज्या विद्याखात्याचे मीठ खायचे त्याच खात्याच्या साहेबी थाटाची हजेरी घ्यायची, असा हा मास्तर. तेव्हा लेखणी शास्त्रीबुवांना भोवली, असेच जो तो म्हणू लागला. बदलीच्या कागदावर असले काही लिहिलेले नसते. ती रीत तेव्हाही नव्हती, आजही नाही.

पुण्याहून रत्नागिरी गाठणे म्हणजे त्या काळी दोनच वाटा. आगगाडीने मुंबईला जाऊन तिथून आगबोट धरायची, नाहीतर घाट उतरून बैलगाडीने नि पायी खाली यायचे. पावसाळा लागला की बोटी बंद, म्हणजे मुंबईशी समुद्राचा संबंध चार महिने तुटला. कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडावे लागले. पुण्यातली मित्रमंडळी, छापखाना, वाचक आणि वाद यांपासून माणूस तोडायचा असेल तर इलाख्याच्या नकाशावर रत्नागिरीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडली असती. शाळा मात्र सामान्य नव्हती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखा माणूस १८६५ च्या सुमारास तिथे हेडमास्तर होता. शिक्षा म्हणून गावाची निवड केली म्हणजे गाव हलके ठरत नाही, एवढे रत्नागिरीच्या बाजूने सांगून पुढे जाऊ.

त्याच वर्षी, १४ मार्च १८७८ रोजी, लॉर्ड लिटनच्या कौन्सिलने एका बैठकीत देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा कायदा मंजूर केला. सकाळी मांडला आणि दिवस मावळायच्या आत पास केला, अशी घाई. दोन वर्षांचा दुष्काळ, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची पदच्युती, अफगाण सरहद्दीवरची धामधूम, या सगळ्यांवर देशी पत्रे जे लिहीत होती ते सरकारला खुपत होते. कायद्याची मेख अशी होती : जिल्हा मॅजिस्ट्रेट, किंवा मोठ्या शहरात पोलिस कमिशनर, छापणाऱ्याकडून आणि प्रसिद्ध करणाऱ्याकडून मुचलका लिहून घेऊ शके, अनामत मागू शके. आक्षेपार्ह काही निघाले की अनामत जप्त, पुढे यंत्रासह छापखाना जप्त. हे नको असेल तर अंक छापण्याआधी प्रुफे सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवायची. मॅजिस्ट्रेटचा शब्द अखेरचा, कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना यातले काहीच लागू नव्हते. कलकत्त्याच्या ‘अमृतबझार पत्रिके’ने आठवड्याभरात बंगाली टाकून इंग्रजीचा अंगरखा चढवला आणि कायदा तिच्यापुरता हात चोळत बसला.

इतिहासाच्या पुस्तकांत हा ‘मुस्कटदाबीचा कायदा’ म्हणून येतो आणि विद्यार्थी तो लिटनच्या नावावर पाठ करतात. पण कायदा हे शेवटचे टोक झाले. एखादे पत्र आक्षेपार्ह आहे हे सरकारला कळायचे कसे? मुंबईच्या सेक्रेटरिएटमधल्या साहेबाला मराठी, गुजराती, कानडी, सिंधी, उर्दू वाचता येत नव्हते, आणि आठवड्याला येणारी पत्रे ढिगाने. त्यासाठी कायद्याच्या कितीतरी आधीपासून एक खुर्ची तयार होती. तिचे नाव रिपोर्टर ऑन द नेटिव्ह प्रेस. ती ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या, म्हणजे सरकारच्या देशी भाषांच्या भाषांतरकाराच्या कचेरीशी जोडलेली होती. या खुर्चीवरच्या माणसाने इलाख्यातली सगळी देशी पत्रे वाचायची, सरकारने दखल घ्यावी असा मजकूर निवडायचा, त्याचा इंग्रजी गोषवारा करायचा आणि आठवड्याच्या आठवड्याला छापून वरिष्ठांना द्यायचा. त्या अहवालावर ‘गोपनीय’ असा शिक्का असे.

आणि या खुर्चीवर बसलेल्यांत एक नाव कृष्णशास्त्री चिपळूणकर. विष्णुशास्त्र्यांचे वडील.

कृष्णशास्त्री हे काही सरकारचे हुजरे नव्हते. संस्कृत पाठशाळेत तयार झालेले पंडित, इंग्रजी नंतर शिकलेले. १८५२ साली त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले. बोलण्यापायी विषाचा पेला प्यावा लागलेल्या माणसाचे चरित्र लिहिणाऱ्याने पुढे सरकारसाठी इतरांचे बोलणे तपासावे, यात गंमत आहे. पण तो काळच तसा होता. मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’ला उत्तर म्हणून त्यांनी ‘विचारलहरी’ काढली. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठी घराघरात गेल्या त्या त्यांच्याच हातून. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख झाले. खात्याच्या ‘शालापत्रका’चे संपादन त्यांच्याकडे होते. पुढे ते मुलाकडे आले आणि मुलाने त्यात असे काही लिहायला सुरुवात केली की १८७५ मध्ये मासिकच बंद झाले. बाप सरकारला मराठी पत्रांतले तिखट शब्द काढून दाखवतो आणि मुलगा सरकारच्याच मासिकात ते पेरतो, असे हे एक घर. म्हणून बापलेकांत वैर होते असे मात्र नाही. वडिलांनी अर्धवट टाकलेले डॉक्टर जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर मुलानेच पुरे केले.

दुसरे नाव त्याहून मोठे. महादेव गोविंद रानडे १८६६ साली काही काळ सरकारचे मराठी भाषांतरकार होते. विशीतला पदवीधर मुंबईत बसून मराठीत काय छापले जाते त्याची टिपणे सरकारसाठी करत होता. या वाचनाचा उपयोग त्यांना पुढे जन्मभर झाला. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी त्यांनी नंतर जे लिहिले, त्याच्या मुळाशी सरकारदप्तरी जमणाऱ्या पुस्तकांच्या याद्याच होत्या. सरकारला राजद्रोहाचा वास यावा म्हणून गोळा केलेली सामग्री अशी साहित्याच्या इतिहासाच्या कामी आली. आजही एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मराठी पत्रांचे अंक नामशेष झाले आहेत आणि त्यांत काय होते हे कळते ते फक्त या गोपनीय अहवालांच्या गोषवाऱ्यांवरून. ज्यांनी दाबायला वाचले, त्यांनीच राखले.

अहवाल दिसे कसा, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शतकाच्या अखेरीचे अहवाल घेतले तर आरंभी पत्रांची लांबलचक यादी येते. पत्राचे नाव, कुठून निघते, दैनिक की साप्ताहिक, किती प्रती खपतात, आणि संपादकाचे नाव. नावापुढे त्याची जात आणि वय. ‘हिंदू, चित्पावन ब्राह्मण’, आणि पुढे वयाचा आकडा. मग पारशी, मग मुसलमान, मग गोव्याकडचा कोणी ख्रिस्ती. संपादकाने काय लिहिले हे कळण्याआधी साहेबाला तो कोण हे कळत असे. त्यानंतर मजकूर : राजकारण आणि राज्यकारभार, कायदे, शिक्षण, रेल्वे, म्युनिसिपालिट्या, देशी संस्थाने. एकेका परिच्छेदाला क्रमांक. मोठ्या शहरातल्या दैनिकाच्या अग्रलेखाशेजारी कुठल्याशा तालुक्याच्या गावच्या साप्ताहिकातली मामलेदाराविरुद्धची तक्रार बसलेली असे. छोट्या पत्राला आपला एवढा मान कुठे होतोय याचा पत्ताही नसे. गावात शे-दोनशे वर्गणीदार, त्यांतले निम्मे वर्गणी बुडवणारे, आणि मुंबईत मात्र एक वाचक असा की अंकाची ओळ न् ओळ डोळ्यांत तेल घालून वाचणार.

रत्नागिरीची दोन साप्ताहिके या ढिगात असत. १८८० साली छापलेल्या जिल्हा गॅझेटिअरने दोघांची दखल घेतली आहे. ‘जगन्मित्र’ हे जुने, शिपोशीच्या जनार्दन हरी आठल्यांच्या नावाशी जोडलेले. दुसरे ‘सत्यशोधक’, १८७१ साली हरि नारायण लिमयांनी काढलेले. (जोतीरावांचा सत्यशोधक समाज १८७३ चा, नावापलीकडे दोहोंचा संबंध नाही. तरी घोटाळा होतो, म्हणून सांगितले.) जिल्ह्याचा तेव्हाचा धगधगता विषय खोतीचा. खोत, कुळे आणि सरकार यांच्यातला तंटा वर्षानुवर्षे चाललेला. त्यासाठी १८८० मध्ये स्वतंत्र खोती कायदा करावा लागला. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडाच्या ताडीवर कर वाढवून कोकणातल्या भंडाऱ्यांच्या पोटावर आणलेली गदा होतीच. असल्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या पत्रांत कोपऱ्यात येणार. कोकणात प्रत्यक्ष काय शिजते आहे ते कळायचे तर ‘सत्यशोधक’ आणि ‘जगन्मित्र’ वाचणे सरकारला भाग होते. म्हणून देशी पत्रांवर चिडणाऱ्या सरकारला तीच पत्रे हवीही असत. मुस्कट अगदी दाबून टाकले तर ऐकू काय येणार?

ही अडचण कलकत्त्यालाही जाणवत होती. म्हणून त्याच १८७८ मध्ये लिटनने एक नवे पद काढले, प्रेस कमिशनर. त्यावर नेमला रोपर लेथब्रिज, बंगालमध्ये प्रोफेसरकी केलेला गृहस्थ. पत्रांना सरकारी बातम्या पुरवायच्या, गैरसमज दूर करायचे, थोडक्यात एका हाताने कायद्याचा दंडुका धरून दुसऱ्या हाताने साखर वाटायची. संपर्क आणि नियंत्रण एकाच टेबलावर आणणारा हिंदुस्थानातला हा पहिला अधिकारी म्हणावा लागेल. लिटन गेले, रिपन आले आणि पद बुडाले. लेथब्रिजसाहेबांचे मात्र काही बिघडले नाही. विलायतेला परतून ते ‘सर’ झाले आणि १८८५ मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमधून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून गेले. नियंत्रकांची कारकीर्द बहुधा सुखात संपते.

आपल्याकडच्या वाचकांचे तसे झाले नाही. रानडे १८७८ मध्ये पुण्यात सबजज्ज होते आणि सार्वजनिक सभेचा मेंदू म्हणून सरकारच्या डोळ्यावर आलेले. त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले, आणि रानड्यांना धुळ्याला पाठवले गेले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत धुळ्याचे ते दिवस सांगितले आहेत. घरी येणारे टपाल उशिरा येई, फोडून पाहिलेले असे. फडक्यांच्या बंडाशी संबंध दाखवणारी बनावट पत्रे येत, रानडे अडकतात का ते पाहण्यासाठी. रानडे ती सरळ पोलिसांकडे पाठवून देत. बारा-तेरा वर्षांपूर्वी जो माणूस सरकारसाठी छापील मराठी वाचत होता, त्याचीच खासगी पत्रे आता सरकारसाठी कोणी दुसरा वाचत होता. त्याच सुमारास गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल व्हाइसरॉयला चित्पावन ब्राह्मणांच्या महत्त्वाकांक्षेविषयी सावधगिरीचा इशारा देणारे पत्र लिहीत होते. रत्नागिरी जिल्हा हे चित्पावनांचे मूळ घर, आणि बदली करून पाठवलेला एक चित्पावन मास्तर तिथे मुलांना शिकवत होता.

माझे मत असे की मुंबई इलाख्यात त्या वर्षांत कायद्यापेक्षा बदलीनेच जास्त काम केले. कायद्याला नोटीस लागते, मुचलका लागतो, बोभाटा होतो, विलायतेत ग्लॅडस्टनसारखा माणूस पार्लमेंटात त्यावर बोलतो. बदलीला चार ओळींचा कागद पुरतो. त्या काळचा लिहिता मराठी माणूस बहुतेक करून सरकारी नोकर होता, शाळेत किंवा कोर्टात. त्याच्या हातची लेखणी हिसकावण्याची गरज नव्हती; त्याचे बिऱ्हाड हलवले की पुरे.

रत्नागिरीत हे गणित चुकले. कृष्णशास्त्री २० मे १८७८ रोजी वारले. वर्तमानपत्रांचा कायदा होऊन दोन महिने झाले होते. डोक्यावरचे छत्र गेले आणि त्याबरोबर सरकारी नोकरीला चिकटून राहण्याचे एक मोठे कारणही. ‘निबंधमाला’ चालूच होती. हस्तलिखित टपालाने घाट चढून पुण्याला जाऊ शकते, हे बदली करणाराच्या ध्यानात आले नसावे. काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला तोही याच १८७८ सालात. चित्रशाळेचा उद्योगही त्याच सुमाराचा. पुण्यात राहून जेवढे केले नसते तेवढे मनसुबे रत्नागिरीच्या वाऱ्यावर रचले गेले. १८७९ मध्ये विष्णुशास्त्र्यांनी राजीनामा दिला. त्या सप्टेंबरात टिळक आणि आगरकर त्यांना भेटले आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. मग आर्यभूषण छापखाना. मग १८८१ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ‘मराठा’ आणि ‘केसरी’. सरकारने एक मास्तर पुण्यातून हलवला. परतला तो शाळा, छापखाना आणि दोन पत्रे घेऊन. आणि ज्या टिळकांच्या हाती हे सगळे पुढे जायचे होते, ते जन्मले होते याच रत्नागिरीत.

रिपनने १८८२ च्या जानेवारीत लिटनचा कायदा रद्द केला. १७ मार्चला विष्णुशास्त्री गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’वर भरलेला बेअब्रूचा खटला तेव्हा चालू होता. त्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. देशी पत्रांचा खास कायदा गेला म्हणून संपादक मोकळे झाले असे समजण्याचे कारण नव्हते, हे सहा महिन्यांत कळून चुकले.

खरे हत्यार आधीच घडवून ठेवलेले होते. मेकॉलेच्या जुन्या मसुद्यात असलेले पण १८६० च्या दंडसंहितेत गळून पडलेले राजद्रोहाचे कलम १८७० मध्ये १२४ अ म्हणून घुसवले गेले होते. वीस वर्षे ते पडून राहिले. १८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगबासी’वर पहिल्यांदा चालवले गेले, आणि १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात त्याला धार चढली. आता इथे वाचणाऱ्याच्या खुर्चीचे रूप बदलते. इतके दिवस त्याचा अहवाल साहेबाच्या टेबलावर जाऊन फायलीत पडत असे. आता तो कोर्टात जाऊ लागला. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातल्या मजकुरावरून टिळकांवर फिर्याद झाली तेव्हा सरकारच्या वतीने पुढे आले ते ओरिएंटल ट्रान्सलेटर मिर्झा अब्बास अली बेग. २७ जुलैला टिळकांना मुंबईत पकडले. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. सहा युरोपियन ज्यूरर एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, आणि शिक्षा अठरा महिने. छापखान्याचे केशव महादेव बाळ सुटले. त्याच लाटेत इस्लामपूरचा ‘प्रतोद’ आणि वाईचे ‘मोदवृत्त’ सापडले. तालुक्याच्या गावातली ही पत्रे. मुंबईतल्या त्या यादीत त्यांची नावे, त्यांचा खप, संपादकाची जात आणि वय आधीच नोंदलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे वाईपर्यंत हात इतक्या लवकर कसा पोचला याचे नवल वाटत नाही.

बेगसाहेबांच्या कारकिर्दीचेही लेथब्रिजसारखेच झाले. जुनागढची दिवाणगिरी आणि पुढे लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासदत्व. सरकारसाठी मराठी वाचणारा माणूस कुठवर जाऊ शकतो ते यावरून कळते.

१९०८ चा खटला सर्वांना पाठ आहे, त्यावर फार रेंगाळत नाही. १२ मे आणि ९ जूनचे अग्रलेख, न्यायमूर्ती दावर, ज्यूरीत सात विरुद्ध दोन, २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. त्या खटल्यात टिळक स्वतः उभे राहिले आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी घेतली. तीस-चाळीस वर्षे जी खुर्ची बंद कचेरीत मराठी पत्रांचे इंग्रजी करत आली, तिला पहिल्यांदाच संपादकाच्या प्रश्नांना उघड कोर्टात तोंड द्यावे लागले. निकाल बदलला नाही, पण वाचणारा एकदा तरी वाचला गेला. रत्नागिरीचा मुलगा मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा थिबा राजा रत्नागिरीच्या राजवाड्यात, ही जोडी तर इतक्यांदा सांगून झाली आहे की रत्नागिरीतले रिक्षावालेही पाहुण्यांना ऐकवतात.

१९१० चा प्रेस कायदा मात्र सावकाश पाहायला हवा, कारण लिटनला जे जमले नाही ते त्याने केले. नवा छापखाना काढायचा तर मॅजिस्ट्रेटकडे ५०० ते २,००० रुपयांची अनामत. जुन्या छापखान्याने आक्षेपार्ह छापले तर ५,००० पर्यंत. एकदा जप्त झाली की पुढची अनामत १०,००० पर्यंत जाई, आणि तीही गेली तर छापखाना गेला. हायकोर्टात अर्ज करण्याची वाट ठेवली होती, पण अरुंद. या रकमा मुंबईच्या धनिक पत्राला झेपल्या असत्या. जिल्ह्याच्या गावातल्या माणसाला, ज्याचे सगळे यंत्र नि टाइप मिळून तेवढ्या किमतीचे नसत, ५०० रुपये म्हणजे दार बंद. शिवाय पूर्वी प्रसिद्ध झालेले कोणतेही पुस्तक सरकारजमा म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. वाचणारे आता मागे जाऊन जुने वाचू लागले. त्यांच्या हाती लागला ‘निबंधमाले’तला शेवटचा मोठा निबंध, ‘आमच्या देशाची स्थिती’. लेखक जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. ज्याला हयातीत रत्नागिरीला पाठवून भागले, त्याच्या मजकुराला मेल्यावर जप्ती.

हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, जप्त झालेली पुस्तके मात्र जप्तच राहिली. रत्नागिरीत त्यानंतर एक वेगळाच प्रयोग झाला. १९२४ च्या जानेवारीत सावरकरांना येरवड्यातून सोडले ते जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात पडायचे नाही, या अटींवर. म्हणजे छापील शब्दाऐवजी माणूसच जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हवाली. तेरा वर्षे ते इथे राहिले, ‘सत्यशोधक’ आणि ‘बळवंत’सारख्या स्थानिक पत्रांतून समाजसुधारणेवर लिहीत राहिले, आणि राजकारण कुठे सुरू होते व समाजकारण कुठे संपते याचा निवाडा सरकारी वाचकाला दर आठवड्याला करावा लागला. ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आली, १९३४ मध्ये जप्त झाली. आधी सात वर्षे ती कोणी वाचली नव्हती असे नाही.

१९३७ च्या मे महिन्यात सावरकरांवरची स्थानबद्धता उठली. जुलैत मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. पंतप्रधान, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत, बाळ गंगाधर खेर. जन्म रत्नागिरीचा, १८८८ चा. त्या राजवटीत ‘आमच्या देशाची स्थिती’वरची बंदी उठली. ‘माझी जन्मठेप’ला मात्र १९४६ पर्यंत थांबावे लागले. कोणत्या पुस्तकाला सोडायचे आणि कोणाला नाही, याचा हिशेब लोकांनी निवडून दिलेल्या सरकारलाही करावासा वाटला, ही नोंद विसरू नये.

इतक्या सगळ्या कायद्यांत सर्वांत निरुपद्रवी दिसणारा एक होता आणि त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १८६७ चा छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायदा. यात अनामत नव्हती, जप्ती नव्हती. पत्र काढणाऱ्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन आपण छापणारे आणि प्रसिद्ध करणारे आहोत असे डिक्लरेशन करायचे आणि प्रत्येक अंकावर नाव-ठिकाण छापायचे, एवढेच. राजद्रोहाचे खटले उभे राहिले ते याच डिक्लरेशनांच्या आधारावर. अंक कोणाचा हे सिद्ध करण्याची यातायात सरकारला कधी करावी लागली नाही. संपादकाने ते आधीच सही करून दिलेले असे. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने शिफारस केली, त्यातून १९५६ मध्ये दिल्लीला वर्तमानपत्रांच्या रजिस्ट्रारची कचेरी उघडली, पण डिक्लरेशन जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटपुढेच होत राहिले. लिटनचा कायदा चार वर्षे टिकला, १९१० चा बारा. १८६७ चा टिकला १५७ वर्षे. नवा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. आता साप्ताहिक काढू पाहणाऱ्याला कचेरीत खेटे घालण्याऐवजी संगणकावर अर्ज भरता येतो. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मालक, मुद्रक, प्रकाशक, छापखाना आणि पत्ता सांगणारी ओळ मात्र आजही छापावीच लागते.